उत्तर झाकून प्रश्न वाच

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर म्हणालीस, "गणित समोर आलं की डोकंच चालत नाही." वहीचे फोटो पाहिले. डोकं चालतंय गं, पण पेन त्याच्या आधी पळतंय.

ते नळाचं गणित घे. एक नळ टाकी ६ तासांत भरतो, दुसरा ३ तासांत. दोन्ही सोडले तर किती वेळ लागेल? तू बेरीज केलीस, निम्मी केलीस आणि साडेचार लिहून मोकळी झालीस. आता उत्तर झाकून नुसता प्रश्न वाच. दुसरा नळ एकटाच ३ तासांत टाकी भरतो. त्याच्या मदतीला आणखी एक आला तर वेळ वाढेल कसा? म्हणजे काहीही न मांडता कळलं, की उत्तर ३ पेक्षा कमीच हवं. आता एका तासाचा हिशोब कर: एकाने सहावा हिस्सा भरला, दुसऱ्याने तिसरा. मिळून अर्धी टाकी. झाले २ तास!

जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने १९४५ साली चार पायऱ्या मांडल्या: प्रश्न समजून घ्या, बेत आखा, तो पार पाडा, मग मागे वळून उत्तर तपासा. आपण सगळे थेट तिसरीवर उडी मारतो. चौथीपर्यंत पोचेतो कंटाळा आलेला असतो, आणि पहिली तर 'वाचलं की' म्हणून सोडूनच देतो. दिलंय काय नि विचारलंय काय, हे तुझ्या शब्दांत लिहिता येत नसेल तर पुढे जाऊच नकोस. बेत सुचत नसेल तर त्याच जातीचं सोपं गणित आधी सोडव, हाही पोल्याचाच सल्ला. दोन्ही नळ ६-६ तासांचे असते तर? हे तुला तोंडी येईल.

टेबललॅम्प लागत नाही म्हणालीस, तिथेही हेच. बल्ब बदलला, वायर हलवली, बटण खटखटवलं, सगळं एकदम केलं तर दिवा लागूनही बिघाड कुठे होता ते कळत नाही. आधी प्लग नक्की चालू असलेल्या सॉकेटला लाव. लागला, तर दिवा ठीक आहे. नाही लागला, तर दोष दिव्यातच; मग बल्ब दुसऱ्या दिव्यात लावून बघ. एका वेळी एकच बदल. (वायर उघडी दिसली तर मात्र हात लावायचा नाही, इलेक्ट्रिशियनला बोलवायचं.)

मैत्रिणीशी धरलेल्या अबोल्याला या पायऱ्या फारशा लागू पडत नाहीत. तिथे पहिलीच काय ती कामाची. कागदावर दोन रकाने कर: घडलं काय, आणि मला वाटलं काय. दुसरा रकाना बहुतेक लांबलचक होईल. पुढचं तिच्याशी बोलूनच सुटेल.

रविवारपर्यंत उरलेली गणितं पाठव. उत्तरं नकोत, प्रत्येकाखाली 'दिलंय' आणि 'विचारलंय' एवढ्या दोनच ओळी लिही.

तुझी,
आई