सर्ज प्रोटेक्टर घेण्याआधी धोका कोणता ते ठरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वळवाचा पाऊस सुरू झाला की अमुक सोसायटीत किंवा तमुक वस्तीत विजेचा दाब अचानक वाढून टीव्ही, फ्रिज आणि राउटर जळाल्याच्या बातम्या वाचायला मिळतात. अशा बातम्यांच्या शेवटी नागरिकांनी 'चांगल्या दर्जाचा सर्ज प्रोटेक्टर बसवावा' असा सल्ला असतो. सल्ला चुकीचा नाही, पण तो वाचून ग्राहक दुकानात जातो आणि नेमके काय मागायचे हे माहीत नसल्यामुळे लाल दिव्याचा एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन घरी येतो. घरगुती उपकरणांच्या पीसीबी, म्हणजे आतले सर्किट बोर्ड, दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे त्या एक्स्टेन्शन बोर्डांचे पुढे काय होते हे मला रोज पाहायला मिळते, म्हणून हे पत्र.

मुख्य अडचण अशी की दोन अगदी वेगळ्या घटनांना आपण 'व्होल्टेज जास्त आला' असे एकच नाव देतो. पहिली घटना म्हणजे सर्ज. जवळपास वीज पडली किंवा मोठा भार अचानक जोडला वा तोडला गेला, की तारांमध्ये हजारो व्होल्टचा झटका येतो आणि तो मायक्रोसेकंदांत संपतोही. दुसरी घटना म्हणजे न्यूट्रल तुटणे. आपल्या इमारतीला तीन फेज आणि एक न्यूट्रल असा पुरवठा असतो आणि वेगवेगळी घरे वेगवेगळ्या फेजवर असतात. खांबावरचा किंवा मीटर रूममधला न्यूट्रलचा जोड सैल झाला, की प्रत्येक घराला मिळणारा दाब शेजारच्या घरांत किती भार चालू आहे यावर ठरू लागतो. ज्या फेजवर भार कमी, त्या फेजवरच्या घरात 230 व्होल्टच्या जागी 300, 350 आणि वाईट परिस्थितीत 400 च्या जवळपास दाब जातो. तो मायक्रोसेकंदांपुरता नसतो. कोणीतरी मेन स्विच पाडेपर्यंत तो तसाच राहतो.

जळालेल्या उपकरणाचा सर्किट बोर्ड पाहिला की या दोन घटना बहुतेक वेळा वेगळ्या ओळखता येतात. सर्जने गेलेल्या बोर्डावर काचेचा फ्यूज आतून काळा झालेला असतो, ब्रिज रेक्टिफायर शॉर्ट असतो, एखाद्या आयसीचे कवच तडकलेले असते, पण मोठा कपॅसिटर वरून सपाट असतो. न्यूट्रल गेल्यामुळे जळालेल्या बोर्डावर याच्या उलट दिसते. 230 व्होल्टचे शिखर 325 व्होल्टचे असते, म्हणून बहुतेक पॉवर सप्लायमध्ये 400 किंवा 450 व्होल्टचा कपॅसिटर बसवलेला असतो. दाब 400 व्होल्टवर गेला की शिखर 565 वर पोहोचते, कपॅसिटरचे डोके फुगते, पुष्कळदा फुटते, आणि शेजारचा निळा व्हॅरिस्टर, म्हणजे जादा दाब झेलणारी चकती, कोळसा झालेला असतो. माझ्या टेबलावर 'वीज कडाडली आणि गेला' म्हणून आलेल्या बोर्डांत या दुसऱ्या प्रकारचे बोर्ड थोडेथोडके नसतात. पावसात वीजही कडाडते आणि जुने जोडही ढिले होतात. दोष मात्र आपण सरसकट आकाशाला देतो.

हा फरक समजला की खरेदीचा निम्मा गोंधळ मिटतो. सर्ज प्रोटेक्टरच्या पोटात बहुधा झिंक ऑक्साइडचा व्हॅरिस्टर असतो. दाब ठरावीक मर्यादेच्या वर गेला की तो क्षणार्धात वाहू लागतो आणि जादा ऊर्जा स्वतःवर घेतो. हे काम मायक्रोसेकंदांचे आहे. त्याच्यावर दोन मिनिटे 400 व्होल्ट लावून ठेवले तर तो वाचवणार नाही, तो स्वतःच तापून पेटेल. त्यामुळे न्यूट्रल तुटण्यावर सर्ज प्रोटेक्टर हा उपाय नव्हे. त्यासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर हे वेगळे साधन डीबीमध्ये, म्हणजे घरातल्या मुख्य वीजपेटीत, बसवावे लागते. दाब साधारण 270 व्होल्टच्या वर किंवा फार खाली गेला की ते घराचा पुरवठा तोडते आणि दाब पूर्ववत झाल्यावर काही वेळ थांबून पुन्हा जोडते. ही थांबण्याची वेळ फ्रिज आणि एसीच्या कॉम्प्रेसरसाठी महत्त्वाची असते, म्हणून ती किती ठेवता येते हे विचारून घ्यावे. स्टॅबिलायझर हे तिसरेच यंत्र आहे. ते हळूहळू होणारा चढउतार सावरते, सर्जच्या वेगाला ते पुरे पडत नाही.

आता सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे एसपीडी. आयईसी 61643-11 या आंतरराष्ट्रीय प्रमाणकात त्याचे तीन टाइप आहेत. प्रत्यक्ष पडलेल्या विजेच्या प्रवाहाचा काही वाटा झेलणारा तो टाइप 1. इमारतीच्या गच्चीवर आकाशातली वीज जमिनीत नेणारा वीजवाहक बसवलेला असेल, तर मीटर रूममधल्या मुख्य पॅनलला त्याची गरज असते, आणि तो निर्णय एकट्या फ्लॅटधारकाने नव्हे तर सोसायटीने घ्यायचा असतो. टाइप 2 फ्लॅटच्या डीबीत बसतो. टाइप 3 उपकरणाशेजारी, म्हणजे आपल्या ओळखीच्या स्पाइक गार्ड या एक्स्टेन्शन बोर्डात असतो, आणि तो टाइप 2 च्या मागे बसवायचा असतो, त्याऐवजी नव्हे. फ्लॅटच्या डीबीत काहीच नसताना टीव्हीमागे महागडा स्पाइक गार्ड लावणाऱ्यांची संख्या पाहता हे वाक्य दुकानांच्या पाटीवर लिहायला हवे.

टाइप 2 घेताना वेष्टनावरचे मोठे आकडे बाजूला ठेवून लहान अक्षरांतले दोन आकडे पाहावेत. पहिला यूसी, म्हणजे सतत सहन होणारा कमाल दाब. बाजारात 275, 320 आणि 385 व्होल्टचे एसपीडी मिळतात. आपल्याकडची न्यूट्रलची अवस्था पाहता 275 चा आग्रह मी कधी धरत नाही. 320 घ्यावा, आणि जिथे तारा अजूनही खांबांवरून येतात अशा उपनगरांत 385 चा विचार करावा. दुसरा आकडा यूपी, म्हणजे झटक्याच्या वेळी उपकरणापर्यंत शिल्लक राहणारा दाब. यूसी वाढवला की यूपीही वाढतो, ही तडजोड अटळ आहे. घरगुती उपकरणांना साधारणपणे 2.5 किलोव्होल्टपर्यंतचा झटका सोसण्याची क्षमता अपेक्षित असते, त्यामुळे यूपी 1.5 किलोव्होल्टच्या आसपास असला तर पुरेशी जागा राहते. प्रवाहाचा आकडा, म्हणजे नाममात्र 20 आणि कमाल 40 किलोअँपिअर, घरासाठी भरपूर आहे. ज्यूलच्या, म्हणजे ऊर्जेच्या आकड्याच्या, जाहिरातीला फारसे महत्त्व देऊ नये. या प्रमाणकात ज्यूल हा वर्गवारीचा आधारच नाही.

एसपीडी कितीही उत्तम असला तरी वायरमनने तो डीबीच्या कोपऱ्यात बसवून मीटरभर वायर गुंडाळून जोडली तर पैसे वाया गेले म्हणायचे. विजेचा झटका इतक्या वेगाने चढतो की एक मीटर सरळ वायरीवरच सुमारे एक किलोव्होल्टचा जादा दाब उभा राहू शकतो, आणि तो यूपीमध्ये मिळवला जातो. म्हणून फेजकडून एसपीडीपर्यंत आणि एसपीडीपासून अर्थपर्यंत मिळून वायरची लांबी अर्ध्या मीटरच्या आत ठेवावी, असा दंडक आहे. माझ्या माहितीतले चांगले वायरमनही हे ऐकून आश्चर्य करतात. दुसरा प्रश्न अर्थिंगचा. पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या वाड्यांत तिसरी पिन नुसती दाखवण्यापुरती असते आणि नव्या इमारतींतही अर्थपिटचे झाकण वर्षानुवर्षे उघडलेले नसते. फेज आणि न्यूट्रल यांच्यामधला व्हॅरिस्टर अर्थशिवायही काम करील, पण न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये झटका अर्थकडे वळवणाऱ्या गॅस ट्यूबचे संरक्षण अर्थ नसेल तर शून्य आहे. आयएस 3043 या अर्थिंगच्या भारतीय प्रमाणकाप्रमाणे अर्थचा रोध मोजून घेणे हे एसपीडी विकत घेण्याच्या आधीचे काम आहे, आणि तो परवानाधारक ठेकेदाराकडूनच मोजून घ्यावा. मीटरच्या आधीच्या बाजूला तर कोणीही हात लावू नये, तो भाग महावितरणचा आहे.

सर्ज फक्त विजेच्या तारेतून येतो असेही नाही. गच्चीवरून येणारी केबल टीव्हीची कोअ‍ॅक्सियल वायर आणि दोन इमारतींमध्ये टाकलेली लॅन केबल यांतूनही तो येतो, आणि त्यात राउटर व टीव्हीचे पोर्ट जातात. फायबर कनेक्शनची काचेची तार वीज वाहत नाही, म्हणून तेवढ्यापुरती चिंता कमी. सौर पॅनल बसवणाऱ्यांनी डीसी बाजूसाठी वेगळा एसपीडी मागावा, एसी पुरवठ्याचा तिथे चालत नाही.

आता माल कुठे घ्यायचा, याविषयी. पुण्यात सुटे भाग म्हटले की तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाचा परिसर, आणि मीही तिथलाच ग्राहक आहे. एक नग हवा असेल तरी कपाळाला आठी न घालता काढून देणारे दुकानदार तिथे आहेत आणि त्यांची मला कदर आहे. तरीही व्हॅरिस्टरसारखा भाग नुसता रंग पाहून घेऊ नये. त्याच्यावर 14डी471के असे काही छापलेले असते. यातला 14 म्हणजे चकतीचा व्यास मिलिमीटरमध्ये, 471 म्हणजे 47 वर एक शून्य, अर्थात 470 व्होल्ट, आणि 'के' म्हणजे त्यात दहा टक्के कमी-जास्त चालते. हा भाग 300 व्होल्ट एसीपर्यंत चालतो. 385 व्होल्ट एसी हवे असेल तर 621 मागावा लागतो. साध्या मल्टिमीटरवर यातले काहीच कळत नाही, चांगला आणि खोटा दोन्ही 'ओपन' दाखवतात. मी व्हर्नियरने व्यास मोजतो, आणि बोर्डावर न लावलेला नग डिजिटल मेगरला (इन्सुलेशन तपासायच्या उच्च दाबाच्या मीटरला) 1000 व्होल्टवर जोडून मेगरने दाखवलेला दाब कुठे अडतो ते पाहतो. 471 च्या नगावर तो 470 च्या आगेमागे अडायला हवा. एकदा एकाच पाकिटातले नग 390 पासून 560 पर्यंत कुठेही अडत होते. व्यासही 14 ऐवजी जेमतेम 10 भरला. छपाई मात्र अगदी स्वच्छ होती.

ज्यांना मोजणे शक्य नाही त्यांनी निदान बिल घ्यावे, आणि त्यावर भागाचा पूर्ण क्रमांक लिहून घ्यावा. माउझर, डिजिकी किंवा एलिमेंट14 यांसारख्या अधिकृत वितरकांकडून मागवलेल्या मालावर उत्पादकाचा लॉट क्रमांक असतो आणि डेटाशीट, म्हणजे भागाचे तांत्रिक माहितीपत्रक, त्याच पानावर मिळते. दोन-चार नगांसाठी पाठवणीचा खर्च जड वाटतो, म्हणून आम्ही काही दुरुस्तीवाले मिळून एकत्र मागणी नोंदवतो. सोसायट्यांनीही असेच एकत्र येऊन उत्पादकाच्या अधिकृत विक्रेत्याकडून एसपीडी घेतले, तर भावही कमी पडेल आणि खोटा माल गळ्यात पडणार नाही. डीबीतल्या एमसीबी आणि आरसीसीबी या संरक्षक स्विचांवर आयएसआय चिन्हाखाली जो सीएम/एल क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की परवाना कोणाचा आणि कशाचा हे लगेच दिसते. ही सोय दुकानाच्या काउंटरवर उभ्या उभ्या वापरता येते आणि ती वापरताना कोणी रागावत नाही, निदान प्रामाणिक दुकानदार तरी नाही.

स्पाइक गार्डच्या बाबतीत माझा आक्षेप जास्त गंभीर आहे. स्वस्त नग उघडून पाहिले तर काहींत व्हॅरिस्टरच नसतो. नुसता निऑनचा दिवा आणि पितळेच्या पट्ट्या, की झाला 'सर्ज प्रोटेक्टेड' बोर्ड. काहींत सात मिलिमीटरची एक चिमुकली चकती थेट फेज आणि न्यूट्रलमध्ये टाकलेली असते आणि तिला तापमानावर तुटणारा फ्यूज नसतो. असा बोर्ड संरक्षण देत नाही, उलट न्यूट्रल गेला की पडद्यामागे पेट घ्यायला तयार असतो. थर्मल फ्यूज आहे का आणि व्हॅरिस्टर निकामी झाल्यावर ते दाखवणारा दिवा आहे का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय बोर्ड घेऊ नये. लाल दिवा नुसता 'वीज आहे' एवढेच सांगत असेल, तर त्याचा उपयोग अंधारात बटण शोधण्यापुरता.

डीबीतल्या एसपीडीलाही आयुष्य असते. प्रत्येक झटक्याने व्हॅरिस्टर थोडा थोडा खचतो. चांगल्या एसपीडीवर लहान खिडकी असते, ती हिरवी असेपर्यंत ठीक, लाल झाली की कार्ट्रिज बदलायचे. यासाठी अख्खे साधन बदलावे लागू नये म्हणून कार्ट्रिज सुटे मिळते का हे खरेदीच्या वेळीच विचारावे, कारण दोन वर्षांनी तेच मॉडेल बाजारात नसते. मे महिन्याच्या सुरुवातीला ही खिडकी पाहायला डीबीचे झाकण उघडणे पुरते. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे 'दामिनी' अ‍ॅप आपल्या परिसरातल्या विजांची पूर्वसूचना देते, त्या वेळी नाजूक उपकरणांच्या पिना काढून ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय तर कायमच उपलब्ध आहे.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. पुढच्या वेळी उपकरणे जळाल्याची बातमी देताना त्या भागात न्यूट्रलचा जोड दुरुस्त केला गेला का, हे महावितरणच्या स्थानिक शाखेला विचारून तेवढे एक वाक्य बातमीत द्यावे. आणि तपकीर गल्लीतल्या व्यापारी बंधूंनी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक एसपीडीच्या डेटाशीटची एक झेरॉक्स काउंटरवर ठेवावी. ग्राहकाने यूसी आणि यूपी विचारले तर बोट ठेवून दाखवता येईल.

आपला विश्वासू,
एक पीसीबी दुरुस्ती व्यावसायिक, पुणे