मतदानसक्तीमागचे राजकारण

रविवारच्या अंकातील, मतदान सक्तीचे करावे अशी मागणी करणारा लेख वाचला. ऑस्ट्रेलियाच्या १९२४ च्या कायद्याचा दाखला देताना लेखकाने ही सक्ती निव्वळ नागरी कर्तव्यभावनेतून आल्याचे सुचवले आहे. त्याआधी क्वीन्सलँड राज्यात काय घडले, याचा उल्लेख मात्र राहून गेला. तिथे डिग्बी डेनहॅम यांच्या सरकारने १९१४ मध्येच मतदानसक्तीचा कायदा केला होता. कामगार संघटनांच्या बळावर मजूर पक्ष आपले मतदार केंद्रापर्यंत आणतो आणि आपले समर्थक घरीच बसतात, ही सत्ताधाऱ्यांची खरी चिंता होती.

२२ मे १९१५ रोजी या कायद्याखाली पहिली निवडणूक झाली. मतदान सुमारे ८८ टक्के झाले, पण बहुमत मिळाले टी. जे. रायन यांच्या मजूर पक्षाला. डेनहॅम यांना तर स्वतःची जागाही राखता आली नाही!

सक्तीने टक्का वाढतो, हे मान्य. पण असा प्रस्ताव आपल्याकडे आला, तर तो कोणाच्या सोयीचा हे आधी विचारायला हवे. शिवाय ते ८८ टक्के ज्या मतदारयादीवर मोजले गेले, तीत तेथील आदिवासींना आणि आशियाई लोकांना, म्हणजे भारतीयांनाही, कायद्यानेच जागा नव्हती. आपल्या याद्यांतून गळणाऱ्या नावांबद्दल लेखकाने दोन ओळी तरी लिहायला हव्या होत्या.

– एक वाचक, सातारा