सारंगकाका, खिडकीच्या त्या गजासाठी

सारंगकाका, नमस्कार.

जानेवारीत भाऊच्या धक्क्यावरून तुमच्या लाँचने रेवसला जाताना तुमच्या केबिनच्या दाराशी गळ्यात दुर्बीण अडकवून उभी होती ना एक बाई, ती मी. तुम्हाला आठवायचं नाही.

थंडीत मुंबईत येणारा बहिरी ससाणा मी सोसायटीच्या पोरांना गच्चीवरून दाखवते. एकाने विचारलं, "कबूतर तिकडे पळतंय, मग हा असा तिरका का जातो?" ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ससाण्यांच्या अंगावर जीपीएस आणि कॅमेरे बसवून हे शोधलंय, २०१७ साली छापलंही, ते मी वाचलं होतं. पण पोरांना सांगायला गेले की माझीच बोबडी वळायची.

त्या दिवशी समोरून एक मालवाहू बार्ज आडवा येत होता. तुम्ही म्हणालात, "डोकं हलवू नका. बार्ज खिडकीच्या गजाला लावा. गजाच्या मागेपुढे सरकला तर सोडा. गज सोडत नाही आणि मोठा होत चाललाय, म्हणजे धडक." मग चाक जरासं फिरवलंत, बार्ज गजापासून सुटला आणि तुम्ही तंबाखू मळायला घेतलीत.

माझ्या डोक्यात लख्ख झालं. तुम्ही जे टाळता, ससाणा तेच साधतो! कबूतर त्याच्या नजरेतून सरकायला लागलं की तो वळतो, आणि सरकण्याच्या साधारण अडीच पट वेगाने वळतो. जेवढ्यास तेवढंच वळला, तर नुसता शेपटीमागे धावत राहील. थोडं जास्त वळल्यामुळे तो पुढची वाट कापतो. कबुतराचा वेग, अंतर, कसलाच हिशेब लागत नाही. क्षेपणास्त्रंही याच नियमाने वळतात, फक्त त्यांचा आकडा सहसा अडीचऐवजी तीन ते पाच पट. (क्षेपणास्त्र म्हटल्यावर पोरांचे कान टवकारले, कबुतराचं कोणाला काय!)

मग गच्चीवर पकडापकडी. राज्य असलेल्याने पळणाऱ्याकडे हात रोखायचा आणि हाताची दिशा बदलू न देता धावायचं. आमच्यातल्या सगळ्यात हळू धावणाऱ्या मुलीने सगळ्यात चपळ पोराला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. तो अजून म्हणतो, तिने चीटिंग केली.

काका, मनापासून आभार. येत्या रविवारी सहा पोरं घेऊन सकाळच्या लाँचला येतेय. प्रत्येकाला तो गज बघायचाय. दाराशी गर्दी होईल, रागावू नका.