प्रबंध संपला तरी पाण्याची नोंद थांबू नये

महोदय,

शेतीचा पाण्याच्या प्रतीवर होणारा परिणाम हा माझ्या पीएच.डी.चा विषय आहे. ‘खत कमी केले, तरी विहिरीतले नायट्रेट उतरले नाही, म्हणजे सगळी मेहनत फुकट,’ असे बोलणे वारंवार कानावर येते. त्यासाठी दाखले दिले जातात ते आमच्यासारख्यांच्या प्रबंधांचे, म्हणून हे पत्र.

पिकाने न उचललेले खतातले नत्र (नायट्रोजन) नायट्रेट होऊन मुळांखाली झिरपते. मातीच्या कणांवर ऋण प्रभार असतो आणि नायट्रेटवरही ऋणच, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. पण भूजलापर्यंतची ही वाट संथ असते. कुठे काही वर्षे, कुठे काही दशके. आज उपसलेल्या पाण्यात मागच्या पिढीने टाकलेले खत असू शकते. पीएच.डी.तले नमुने मात्र दोन-तीन वर्षांचेच. तेवढ्यात आकडा हलला नाही म्हणून उपाय फसला असे कसे म्हणता येईल?

स्फुरदाची (फॉस्फरसची) तऱ्हा निराळी. ते बरेचसे मातीला चिकटते आणि जोराच्या पावसात गाळाबरोबर निघून जाते. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला बाटली भरणाऱ्याच्या हाती ते लागतच नाही. ओढा गढूळ होऊन चढू लागला की रात्र असली तरी काठावर हजर राहावे लागते. बाटली त्याच पाण्याने विसळायची, ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून नमुना तिथल्या तिथे गाळायचा आणि बर्फाच्या पेटीत ठेवायचा. गढूळ पाण्याने गाळणी सारखी तुंबते, पण न गाळता नेले तर विरघळलेल्या स्फुरदाचा आकडा बाटलीतच बदलतो.

अमेरिकेत ओहायोमधील हायडेलबर्ग विद्यापीठ १९७०च्या दशकापासून ईरी सरोवराला मिळणाऱ्या नद्यांचे पाणी तपासत आले आहे. विरघळलेले स्फुरद १९९०च्या दशकाच्या मध्यापासून वाढू लागले, हे त्या नोंदींमुळेच दिसले. शेवाळाला हेच स्फुरद सर्वांत सहज वापरता येते. ऑगस्ट २०१४ मध्ये त्या सरोवरातल्या विषारी नीलहरित शेवाळामुळे टोलेडो शहराच्या परिसरातील लाखो लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, उकळूनही नको, असे सांगावे लागले. एकट्यादुकट्या प्रबंधाच्या मुदतीत असा बदल पकडणे अवघडच.

म्हणून विद्यापीठांना माझी विनंती आहे. प्रबंधाबरोबर मूळ नोंदीही जमा करून घ्याव्यात: कोणती विहीर, किती खोल, नमुना कधी घेतला, आधी पाऊस किती झाला. पुढच्या विद्यार्थ्याला नव्या विहिरी शोधायला लावण्याऐवजी त्याच विहिरी द्याव्यात. तपासणीचा खर्च शिष्यवृत्तीवर अवलंबून ठेवू नये.

शिवाय, ज्याच्या विहिरीचे पाणी आम्ही नेतो त्याला आकडा आधी कळला पाहिजे, प्रबंध मंजूर झाल्यावर नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटसाठी लिटरमागे ५० मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली आहे, ती मुख्यतः बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांच्या काळजीने. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. घरात तान्हे मूल असेल, तर हे त्याच आठवड्यात सांगायला हवे.

— एक संशोधक विद्यार्थिनी