फिश टँक संचाच्या माहितीपत्रकातील चुकीच्या सूचनांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: २० लिटरच्या 'नवशिक्यांसाठी संपूर्ण' फिश टँक संचाबाबत

महोदय/महोदया,

तुमचा वरील संच घेऊन मला सात आठवडे झाले. टाकी गळत नाही, दिवा लागतो, फिल्टरचा आवाजही येत नाही. वस्तूबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. तक्रार आहे ती आतल्या चार पानी माहितीपत्रकाबद्दल. ते मी शब्दन् शब्द पाळलं आणि माझ्या नऊपैकी सात मासे मेले.

खोक्यावर दोन गोल्डफिश, सहा निऑन टेट्रा आणि काचेला चिकटलेला एक सकर मासा असं चित्र आहे. मी नेमके तेवढेच आणले. पान २ वर लिहिलंय, 'टाकी भरा, फिल्टर सुरू करा, २४ तास थांबा, मासे सोडा.' मी घड्याळ लावून २४ तास थांबले.

माझ्या मुलीने रोज सकाळी शाळेत जायच्या आधी निऑन मोजायचा नेम धरला होता. तिसऱ्या दिवशी सहा भरले, पण त्यांचा निळा पट्टा फिका पडलेला. दोन्ही गोल्डफिश पाण्याच्या वर तोंड काढून श्वास घेत होते, कल्ले लालभडक झालेले. तुमच्या ग्राहक सेवेला फोन केला. उत्तर मिळालं, 'पाणी घाण झालं असेल, सगळं बदला आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुवा.' पान ३ वरही हेच आहे. धुतला. पाचव्या दिवशी मुलीची मोजणी चारवर थांबली. आठवडा संपता संपता उरलेले निऑन आणि एक गोल्डफिशही गेला.

मग मी अमोनिया तपासायचा किट आणला. नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते गडद हिरवं झालं.

त्यानंतर जे वाचून कळलं, ते तुमच्या पत्रकात असायला हवं होतं. माशांची विष्ठा आणि उरलेले दाणे यांतून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसरे त्याचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट माशांना विषारी, नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य आणि पाणी थोडं थोडं बदलून काढता येतं. हे जिवाणू मुख्यतः त्या स्पंजवरच वाढतात आणि नव्या टाकीत त्यांचा जम बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. २४ तासांत पाणी फार तर गढूळाचं नितळ होतं. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने हे जिवाणू मरतात, म्हणजे स्पंज नळाखाली धुऊन मी जे काही जमलं असेल तेही घालवलं. तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात खळबळून घ्यायचा असतो. आणि पान ३ वरचं 'रात्री फिल्टर बंद ठेवावा' कोणी लिहिलं? या जिवाणूंना सतत प्राणवायू लागतो.

२४ तास कुठून आले असतील याचा मी विचार केला. पाणी उघडं ठेवलं की क्लोरीन बराचसा उडून जातो, त्यावरून असेल. पण पाण्यात क्लोरॅमाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर तो असा उडत नाही, त्यासाठी औषधाची बाटली लागते. 'संपूर्ण' संचात ती नाही.

माशांची निवड तर त्याहून वाईट. गोल्डफिश थंड पाण्याचा, निऑन कोमट पाण्याचा आणि नव्या टाकीत सगळ्यांत आधी खचणारा. साधा गोल्डफिश वीतभर सहज होतो. साधा सकर वाढून फूटभर होतो. तळाला खडे घातल्यावर या टाकीत १७ लिटर पाणी मावलं, मी मापून ओतलं होतं. एवढ्या पाण्यात फार तर एक फायटर मासा सुखाने राहील. मोठी टाकी असती तर झेब्रा डॅनिओ किंवा गप्पींसारखे काटक मासे चालले असते. शिवाय पाणी जितकं कमी तितकी चूक लवकर अंगाशी येते, तरी लहान टाकी 'नवशिक्यांसाठी' म्हणून विकली जाते, हे मला अजून कळलेलं नाही.

माझ्या पहिल्या ईमेलला तुमचं एका ओळीचं उत्तर आलं, 'मासे हे आमचे उत्पादन नाही.' खरं आहे. पण खोक्यावरचं चित्र तुमचं आहे आणि २४ तासही तुमचेच.

मला पैसे परत नकोत. पान २ आणि ३ बदला, खोक्यावरचं चित्र काढा, क्लोरीन घालवायचं औषध आणि अमोनिया तपासणी किट संचात द्या किंवा ते वेगळं घ्यावं लागेल असं खोक्यावर ठळक छापा. आधीच विकलेल्या संचांच्या ग्राहकांनाही दुरुस्त पत्रक पाठवा. यातलं काय आणि कधी करणार, ते १५ दिवसांत लेखी कळवावं.

वाचलेला गोल्डफिश आणि सकर मी ओळखीच्यांच्या मोठ्या टाकीत सोडले आहेत. आमच्या टाकीत मासा नाही. मुलगी रोज चिमूटभर दाणे टाकते, तेवढ्यावर जिवाणू पोसले जाताहेत. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले ते या सोमवारी.

सोबत: पावतीची प्रत, माहितीपत्रकाच्या पान २ व ३ चे फोटो, तपासणी नळीचा फोटो.

आपली,
एक ग्राहक