नॅनो औषध चिकटतं का, हे बघतात कसं?

मा. संपादक, स.न.वि.वि.

नॅनो औषधांवर काही छापून आलं की औषध भरलेला अतिसूक्ष्म कण थेट कॅन्सरच्या पेशीवर जाऊन बसतो एवढंच असतं, पण तो खरंच बसतो का हे तपासतात कसं ते कोणी लिहीतच नाही, आणि मला तर खरी गंमत तिथेच वाटते.

त्यासाठी सरफेस प्लाझ्मॉन रेझोनन्स (SPR) नावाची एक पद्धत आहे. काचेवर सोन्याचा साधारण 50 नॅनोमीटर जाडीचा थर असतो, खालून प्रकाश टाकला की एका ठराविक कोनात परत येणारा प्रकाश एकदम मंदावतो. आता पेशीवरचं रिसेप्टर प्रोटीन, म्हणजे कणाने ज्याला चिकटायचं ते, त्या सोन्यावर बसवायचं आणि वरून कण सोडायचे, ते चिकटले की तो कोन सरकतो, स्क्रीनवर रेघ वर चढते, मग नुसतं बफर, म्हणजे क्षारांचं साधं द्रावण, सोडलं की सुटणारे कण वाहून जातात आणि रेघ खाली येते. कणाला कुठलाही रंग लावावा लागत नाही, सगळं डोळ्यासमोर घडतं! लिपोसोममधलं, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म पिशवीत भरलेलं, डॉक्सिल हे कॅन्सरचं नॅनो औषध अमेरिकेत 1995 ला मंजूर झालं, म्हणजे विषय काही कालचा नाही.

अवघड भाग पुढे आहे. रक्तात गेल्यावर कणावर प्रोटीनचा थर चढतो, चिकटायची जागाच झाकली जाते, त्यामुळे बफरमध्ये छान आलेली रेघ सीरममध्ये, म्हणजे रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या प्रोटीनवाल्या द्रवात, पार झोपू शकते. शिवाय एका कणाला चिकटायला अनेक हात असले की तो सुटतच नाही, मग चिकटण्याच्या ताकदीचा आकडा उगाच भारी दिसतो. म्हणून बातमीत टेस्ट बफरमध्ये झाली की सीरममध्ये, एवढं तरी छापत जा प्लीज.

आपला एक वाचक