भुसावळच्या गार्ड काकांना, चौथ्या भागासाठी

काका, तुमचा नंबर घ्यायचा राहिला म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितोय. मे महिन्यात जळगावला पप्पा अॅडमिट होते, शेजारच्या बेडवर काकू होत्या, आणि रात्री तुम्ही-मी बाहेरच्या बाकड्यावर. आठवलो का? तो जाड पुस्तकवाला पोरगा.

त्या रात्री मी स्टीफन किंगच्या 'डार्क टॉवर' या कादंबरीमालिकेचा तिसरा भाग संपवला होता आणि अक्षरशः चिडून बसलो होतो. कारण तो भाग संपतच नाही. त्या टॉवरच्या शोधात निघालेला नायक रोलंड आणि त्याची माणसं एका वेड्या, बोलणाऱ्या ट्रेनमध्ये बसलेली, तिला न सुटणारं कोडं घातलं तर जीव वाचणार नाहीतर सगळ्यांना घेऊन ती आपटणार, आणि तिथंच पुस्तक बंद! तुम्ही शेजारून विचारलं, "काय वाचू राह्यला भो?" मी ट्रेनचं सांगितलं तर तुम्ही हसलात आणि म्हणालात, तू एका रात्रीत कावला, हा भाग 1991 ला आला आणि पुढचा 1997 ला, मी सहा वर्षं त्या गाडीत बसून होतो.

चौथ्या भागासाठी मी काय कमी फिरलो होतो? ऑनलाइन मागवला तर दोनदा सातवा आला, म्हणजे शेवटचा, हातात शेवट आणि मधलं गायब. एका दुकानदाराने "भुताखेताचं ठेवत नाही" म्हणून तोंड फिरवलं. आणि ज्या मित्राकडे अख्खा सेट काचेच्या कपाटात आहे तो म्हणे कव्हर खराब होईल. वाचलेत का त्याने, देव जाणे.

तुम्ही काहीच बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी मेमूने भुसावळला जाऊन आलात, एका हातात काकूंसाठी कळण्याची भाकरी नि ठेचा, दुसऱ्या हातात पेपरात गुंडाळलेलं 'विझार्ड अँड ग्लास', म्हणजे तोच चौथा भाग. मालगाडीवर गार्ड असताना (आता म्हणे ट्रेन मॅनेजर म्हणतात) लूप लाइनला, म्हणजे बाजूच्या रुळावर, गाडी तीन-तीन तास उभी राहायची तेव्हा ब्रेकव्हॅनमध्ये, गार्डच्या त्या शेवटच्या डब्यात, बॅटरीच्या उजेडात तुम्ही वाचलेलं, पानांना अजून तो डिझेलचा वास.

लोक या भागाला नावं ठेवतात, कोडी सुटली की गोष्ट पुढे जायचं सोडून मागे जाते, रोलंड शेकोटीपाशी बसून चौदाव्या वर्षीची मेजिस नावाच्या मुलखातली हकीकत सांगतो, ती त्याची प्रेयसी सुझन, ते तेलाचे पंप, आणि टॉवर राहिला बाजूला. मीही कुरकुरलो तर तुम्ही म्हणालात, मधलं स्टेशन आहे बाबा, इंजिन इथं पाणी भरतं. खरंय. तो एवढा कोरडा माणूस का झाला ते इथं कळल्याशिवाय पुढच्या भागांत त्याच्यासाठी जीव तुटणारच नाही.

पण मला लिहायचंय ते त्या चिठ्ठीबद्दल. शेवटाकडे, सुझनच्या त्या प्रकरणाच्या जरा आधी, औषधाच्या बिलाच्या पाठीमागे तुमच्या अक्षरात, "पुढचं रात्री वाचू नको. सकाळी चहा घेऊन वाच." बिल काकूंचं होतं, तारीख आदल्याच दिवसाची. स्वतःची बायको ऑक्सिजनवर आणि हा माणूस पानं चाळून बघतोय की या पोराला रात्री दोन वाजता एकट्याने काय झेपेल! अशी माणसं अजून आहेत म्हणून बरं चाललंय आपलं. जवळच्या नातेवाइकांनी त्या दिवसांत फोन करून फक्त बिल किती झालं ते विचारलं.

मी ऐकलं तुमचं. सकाळी कॅन्टीनचा पाणचट चहा घेतला, वाचलं, आणि तिथंच रडलो, सुझनसाठी की पप्पांसाठी ते सांगता येत नाही. वर आलो तर काकूंना डिस्चार्ज झालेला, बेडवर नवी चादर.

पप्पा आता घरी आहेत, केळीच्या बागेपर्यंत चालत जातात. काकू कशा आहेत? पुस्तक माझ्याकडेच आहे, पाचवाही मिळालाय, तुमचा वाचायचा राहिला असेल तर दोन्ही घेऊन येतो, फक्त भुसावळला कुठं उतरून कुणाला विचारायचं तेवढं कळवा. चिठ्ठी मात्र मी ठेवून घेतली.